झाकणावरचं नाव

सतरा नंबर पुरुष निघाला. बाहेरच्या प्रयोगशाळेकडून आलेल्या अहवालात अकरा ओळी होत्या, आणि सातवी ओळ एवढंच सांगत होती. मी ती तीनदा वाचली, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. चष्मा पुसल्याने पुरुषाची बाई होत नाही हे मला कळतं, पण हात आपोआप जातो. टेबलावरच्या चहावर साय धरली. खिडकीखाली दोन माणसं गाडीतून खोकी उतरवत होती आणि एक जण दुसऱ्याला सांगत होता, "अरे सावकाश, काच आहे आत." आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक खोक्यात काच असते, पण रोज हे वाक्य कुणीतरी नव्याने बोलतं. मी अहवाल बंद केला, पुन्हा उघडला. सातवी ओळ होती तिथेच होती.

मी काय काम करते असं कुणी विचारलं की पूर्वी मी लांबलचक सांगत बसायचे. आता सांगते, क्रीमच्या कंपनीत आहे. लोक लगेच माझ्या चेहऱ्याकडे बघतात. सत्तावन्नाव्या वर्षी माझा चेहरा म्हणजे कंपनीची काही फार चांगली जाहिरात नाही. खरं काम असं: ऑपरेशनात कापून काढलेला कातडीचा तुकडा दात्याच्या संमतीने दवाखान्यातून आमच्याकडे येतो. तो बारीक चिरून उथळ प्लास्टिकच्या डिशमध्ये, लालसर पोषक द्रवात ठेवायचा आणि डिश उबदार कपाटात सरकवायची. आठ-दहा दिवसांनी तुकड्यांच्या कडेने पेशी बाहेर सरपटू लागतात आणि डिशच्या बुडाला धरून पसरतात. याच पेशी कोलॅजन विणतात. कोलॅजन म्हणजे कातडीच्या आतला ताणाबाणा; तो घट्ट आहे तोवर गाल गालाच्या जागी राहतो. वय झालं की पेशी विणायचा कंटाळा करतात आणि जुनं विणलेलं उसवत जातं. मग आम्ही त्यांच्या द्रवात झाडपाल्याचे अर्क घालतो. द्राक्षाच्या बिया झाल्या, चहाची पानं झाली, आणि गेली चार वर्षं डाळिंबाची साल. अर्क घातल्यावर म्हातारी पेशी पुन्हा विणायला बसते का, ते मोजायचं. बहुतेक वेळा बसत नाही. सतरा नंबर बसली होती.

दात्याचं नाव आमच्याकडे कधीच येत नाही, नुसता आकडा, वय आणि स्त्री की पुरुष. सतरा नंबरच्या पानावर लिहिलं होतं: स्त्री, वय एकोणऐंशी. ती माझी आई होती. हे मला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं, धाकट्या भावालासुद्धा नाही. तीन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिच्यापुढे संमतीचा कागद धरला तेव्हा तिने तो वाचलाही नाही. म्हणाली, "घे की. टाकूनच देणार आहेत ना?" आईने आयुष्यभर लोकांच्या कपड्यांचं रफू केलं. तिच्या खाटेखालच्या पेटीत चिंध्यांची गाठोडी असायची, रंगानुसार बांधलेली, आणि कुणाचाही कोट आला तरी त्याला जुळणारा धागा त्या पेटीतून निघायचाच. मी कॉलेजातून पहिल्यांदा कोलॅजनबद्दल शिकून आले आणि तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं तेव्हा सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली होती, "म्हणजे तूही रफूच करणार. एवढी फी भरून?" डाळिंबाच्या सालीचंही तिला मी सांगितलं होतं. त्यावर ती खूप हसली. त्या सालीने चामडं कमावतात हे तिला माहीत होतं. "माझं कातडं कमावतेस की काय? बघ बाई, त्याचा डाग जात नाही." सही करताना तिचा हात बघितला. मनगटावर सुई टोचल्याचे जांभळे डाग होते आणि त्यांच्यावरची कातडी इतकी विरलेली, की खालची शीर कागदाखालच्या अक्षरासारखी वाचता येत होती. मी तीस वर्षं कातडीचा अभ्यास केला आणि त्या दिवसापर्यंत माझ्याच आईचा हात उलटा करून कधी पाहिला नव्हता.

तर पुरुष. क्रीम बाजारात जाण्याआधी सगळ्या पेशींची नियमाप्रमाणे बाहेर तपासणी करून घेतली होती, त्यात हे निघालं. मी खुर्चीत मागे टेकले आणि मनातल्या मनात म्हटलं, त्यांचीच चूक असणार. बाहेरच्या प्रयोगशाळा करतात अशा चुका, नमुने इकडचे तिकडे होतात. पण चोराच्या मनात चांदणं. सतरा नंबर भराभर वाढायची. दर तीन दिवसांनी द्रव बदलायला डिश काढावी तर बुड पेशींनी भरून गेलेलं असायचं. सडसडीत, लांबट पेशी, सगळ्या एका अंगाला कललेल्या, भरीव विणकामासारख्या. एकोणऐंशी वर्षांच्या बाईच्या पेशी अशा वाढत नाहीत. हे मला कळत नव्हतं का? एखाद्या नवशिक्या मुलीने अशी डिश माझ्यापुढे आणली असती, तर मी पहिला प्रश्न विचारला असता, आकडा तपासलास का. स्वतःला विचारला नाही. आई गेली ऑपरेशननंतर चार महिन्यांनी, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी मी कामावर येऊन सतरा नंबरची डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा ती अशी टरारलेली होती. मी दार लावून घेतलं आणि रडले. मग अर्क घातला आणि कोलॅजन दुपटीला गेलं. साहेब स्वतः खाली आले. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, केस काळे करतात. त्यांनी आलेख बघितला आणि टाळी वाजवली. त्या दिवसापासून सगळी प्रयोगशाळा सतरा नंबरला 'म्हातारी' म्हणायला लागली. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारायचं, "काय म्हणते म्हातारी?" आणि मी सांगायचे, "मजेत आहे, पुन्हा शाळेत जायचं म्हणते." सगळे हसायचे. मला त्यात जे सुख होतं ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. तीन वर्षं मी दर तिसऱ्या दिवशी आईला जेवू घालत होते, आणि ती धरत होती, पसरत होती, विणत होती. जिवंत होती तेव्हा मी तिला इतक्या नियमाने जेवायला घातलं नव्हतं.

आणि तो कोण एक पुरुष होता.

कोण, ते काढायला वेळ लागला नाही. त्या दिवशी दवाखान्यातून दोन तुकडे एकत्र आले होते. सतरा नंबर आईचा, आणि सोळा नंबर एका चौतीस वर्षांच्या माणसाचा, मांडीवरचा. मी दोन्ही चिरले, दोन डिशमध्ये घातले. आता इथे सांगायला हवं की आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. आकडा डिशच्या बुडावर लिहायचा, झाकणावर नाही. झाकण निघतं, झाकण बदलतं. बुड पेशींना सोडून कुठे जात नाही. माझ्या या वाक्याची लोक नक्कल करतात. कुणाच्या तरी निरोपाच्या समारंभात एका पोराने ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या दिवशी मी सकाळपासून दवाखान्यात होते, तुकडा हातात मिळाला तशी धावत इथे आले होते, तुकडा ताजा असतानाच चिरावा लागतो म्हणून. बुडावर लिहायचं तर डिश उचलून खालून लिहावं लागतं, आणि मला दवाखान्यात परतायची घाई होती. मी दोन्ही आकडे झाकणांवर लिहिले. मनात म्हटलं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, द्रव घातला की नीट लिहीन. झाकणं काढून शेजारी शेजारी ठेवली, उताणी, म्हणजे आकडे खाली गेलेले. तेवढ्यात फोन वाजला. धाकटा होता. "ताई, आई शुद्धीवर आली. तुला विचारतेय. तू आहेस कुठे?" मी म्हटलं, "इथेच, खाली आहे, आले." आणि झाकणं घातली. हे सगळं मला आठवतं. ज्या काचेच्या कपाटात हात घालून आम्ही काम करतो त्यातल्या पंख्याचा आवाज, हातमोज्यातला घाम, धाकट्याचा रडवेला स्वर. फक्त कुठलं झाकण कुठे घातलं तेवढं आठवत नाही. आणि खाली नव्हतेच मी, शहराच्या या टोकाला होते. पोचायला पाऊण तास लागला आणि तोवर आई पुन्हा झोपली होती.

म्हणजे सोळा नंबर आई.

हे वाक्य मनात आलं तेव्हा मी जिन्यात होते. वर साहेबांकडे निघाले होते, अहवाल हातात घेऊन, आणि मधल्या वळणावर कठड्याला धरून उभी राहिले. कारण सोळा नंबरचं मी काय केलं ते मला स्वच्छ आठवत होतं. आवडतीचा शेंबूड गोड, नावडतीचं मीठ अळणी. सोळा नंबर माझी नावडती होती. पेशी रुंद, चपट्या, एकमेकींपासून लांब लांब, कशाबशा बुडाला धरून बसलेल्या. आठवडा गेला तरी वाढ नाही. डाळिंबाचा अर्क घातला, काही नाही. दुप्पट घातला, काही नाही. नियम म्हणून तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा शून्याच्या आसपास. मी चिडले. सगळ्यांदेखत म्हणाले होते, "चौतीस वर्षांचा धडधाकट गडी, आणि अंगात दम म्हणून नाही. आळशी कुठला!" मग स्वतःच्या हाताने डिश मोरीत उपडी केली आणि वर ब्लीच ओतलं. तो लालसर द्रव ब्लीच पडताच पांढरा होतो, रंग असा निघून जातो. मी नळ सोडला होता आणि नळाखाली हात धूत होते. कसलं तरी गाणं गुणगुणण्याइतकी खुशीत होते, कारण पलीकडच्या कपाटात म्हातारी वाढत होती. गोठवून ठेवलेल्या सोळाच्या कुप्याही टाकून द्यायला सांगितल्या. वहीत माझ्या अक्षरात नोंद आहे: सोळा, निरुपयोगी, नष्ट करावे.

साहेबांना मी पुरुषाचं सांगितलं, आईचं नाही. त्यांनी अहवाल वाचला आणि टेबलावरचं पेन सरळ केलं, मग आडवं केलं. पुढच्या महिन्यात क्रीम बाजारात जायचं होतं. डबीवर छापलं होतं, 'वयस्क त्वचेवर सिद्ध.' ते म्हणाले, "म्हणजे चौतीस वर्षांच्या पुरुषावर सिद्ध." मी म्हटलं, "हो." "तो असाही विणतच होता." "हो." "आणि म्हातारी?" मी म्हटलं, "बहुधा सोळा." त्यांनी अहवाल माझ्याकडे परत सरकवला. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. "सोळाचं काही शिल्लक असेल तर तपासून घ्या," ते म्हणाले. "बाई, तुम्ही? तुमच्या हातून?" मी अहवाल उचलला आणि जिना उतरून खाली आले.

आमच्याकडे एक मदतनीस बाई आहेत, माझ्याच वयाच्या, बावीस वर्षं नोकरी झालेली. सगळे त्यांना मुंगी म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्या ओ देतात. मुंगी काही टाकत नाहीत. रबरबँड, रिकामे डबे, एका बाजूला कोरे कागद, बुचं, सगळं त्यांच्या खणात असतं. मी त्यांच्यावर किती वेळा ओरडले असेन त्याला गणती नाही. ही प्रयोगशाळा आहे, भंगारखाना नाही, हे माझं दुसरं आवडतं वाक्य. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "सोळाच्या कुप्या तुम्ही टाकल्या होत्या ना?" मुंगी हातातल्या पुसायच्या फडक्याच्या घड्या घालत राहिल्या. "मॅडम, रागावणार नसाल तर सांगते." "सांगा." "एक टाकली नाही. गोठवायच्या टाकीत तळाच्या खणात आहे, जुन्या खोक्यात. टाकायला गेले होते, पण टाकवेना. बाकीच्या टाकल्या, देवाशपथ. मग शेवटची हातात धरली आणि वाटलं, माणसाचं आहे हो शेवटी. राहू दे एक." मी त्यांचा हात धरला. मुंगी घाबरल्या. बावीस वर्षांत मी त्यांच्या हाताला कधी हात लावला नव्हता.

कुपी अर्ध्या बोटाएवढी असते. गोठवणाऱ्या टाकीतून काढली की तिच्यावर पांढरी बुरशी आल्यासारखा बर्फ धरतो. ती कोमट पाण्यात हलवत हलवत वितळवायची, मिनिटाच्या आत, आणि मग डिशमध्ये सोडायची. हे काम मी हजारदा केलं असेल. या वेळी मुंगींनी कुपी धरली, कारण मला धरवेना. डिशमध्ये सोडल्यावर लगेच काही कळत नाही. पेशी गोल होऊन तरंगत असतात, जिवंत आणि मेलेल्या सारख्याच दिसतात. ज्यांच्यात जीव आहे त्या हळूहळू खाली बसतात आणि बुड धरतात. मेलेल्या तरंगत राहतात. पेशी सोडण्याआधीच आम्ही रिकामी डिश उलटी करून बुडावर सोळा लिहिलं होतं; मग ती कपाटात ठेवली. सकाळी बघितलं तर बहुतेक तरंगत होत्या. पण खाली, मोजायला गेलं तर दोनशेही नसतील, पण होत्या. रुंद, चपट्या, कडा विरलेल्या, लांब लांब. पूर्वी मी जिला आळशी म्हणाले होते तीच. मी सूक्ष्मदर्शकावर वाकून राहिले तशी मुंगी म्हणाल्या, "मॅडम, आत पाणी जाईल," आणि माझ्या डोळ्यांखाली त्यांनी आपलं घड्या घातलेलं फडकं धरलं. तरंगणाऱ्या मेलेल्या पेशी आम्ही गोळा करून तपासायला पाठवल्या. तेवढ्यावर काम भागतं. पाच दिवसांनी उत्तर आलं. स्त्री.

साहेबांना आशा फुटली. ते खाली येऊन खुर्चीवर उलटे बसले, हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून, मुलं बसतात तसे. "आता खरी म्हातारी मिळाली की नाही? मग घाला अर्क. एक मोजणी होईल ना? कोलॅजन वाढलं तर डबीवर छापलंय ते खरं ठरेल." मोजणी म्हणजे पेशी संपवाव्या लागतात, हे त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या दृष्टीने त्या पेशी होत्या. मी म्हटलं, "साहेब, ती मोजणी झालेली आहे." आणि वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. सोळा नंबर, डाळिंब, तीन वेळा मोजलेलं. शून्य, शून्य, शून्याच्या जवळ. सगळं माझ्याच अक्षरात. उत्तर आमच्याकडे आधीपासून होतं, फक्त ते कुणाचं आहे हे माहीत नव्हतं. एकोणऐंशी वर्षांच्या त्या बाईने डाळिंबाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि दुसऱ्यांदा दुप्पट दिलं तरी नाही. साहेब वहीकडे बघत म्हणाले, "हे लिहून द्यावं लागेल. तुमच्या नावाने." मी म्हटलं, "देते." त्याच दुपारी लिहून दिलं. कुठल्या डिशवर झाकण कुणी घातलं, त्यासकट. त्या कागदात दात्याचं नातं लिहायला रकाना नव्हता.

लिहिताना मला राहून राहून आईच्या हातावरची ती पट्टी आठवत होती. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिच्या कोपराखाली एक छोटी जखम होती, सलाइन लावलं होतं तिथे, आणि तिच्यावर कापूस ठेवून चिकटपट्टी मारलेली. ती रोज बदलायची असं नर्सने सांगितलं होतं. त्या सकाळी मला घाई होती. विक्री विभागाच्या लोकांपुढे भाषण होतं माझं, वयस्क त्वचेची निगा या विषयावर. साडी नेसून तयार होते, खाली गाडी आली होती. मी आईच्या खाटेच्या कडेला बसले आणि पट्टीचं टोक नखाने उचललं. आई म्हणाली, "ओढू नकोस गं. पाण्याने भिजव थोडं. भिजलं की आपोआप सुटतं." कपड्यावरच्या किमतीच्या चिठ्ठ्या ती अशाच काढायची, ओल्या फडक्याने, न घाई करता. मी म्हटलं, "आई, एका झटक्यात निघालं की कमी दुखतं." आणि ओढली. पट्टीबरोबर कातडी आली. बोटभर लांब, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, आणि खाली लालभडक ओलं. ती ओरडली नाही. तिने फक्त दुसऱ्या हाताने खाटेची दांडी धरली. मी रडायला लागले तेव्हा मलाच म्हणाली, "असू दे. जुनं कापड आहे, फाटायचंच. तू जा, तुझी गाडी थांबलीय." आणि मी गेले. भाषण चांगलं झालं, लोकांनी प्रश्न विचारले. ती जखम आई जाईपर्यंत नीट भरली नाही. शेवटच्या दिवशी तिला पुसून घेताना धाकट्याने विचारलं होतं, "हे कशाने झालं गं ताई?" मी म्हटलं, "वयाने."

धाकट्याला मी त्या आठवड्यात फोन केला. सगळं सांगितलं, पट्टीचंसुद्धा. तो म्हणाला, "ताई, तू वेडी आहेस का? तीन वर्षं बोलली नाहीस?" मी म्हटलं, "आहे." मग त्याने विचारलं, "दिसते का पण?" "दिसते म्हणजे, पेशी दिसतात." "मला दाखवशील?"

तो रविवारी दुपारी आला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. दारात चपला काढायला लागला, मी म्हटलं, इथे काढायच्या नसतात. मुंगीही आल्या होत्या, सुट्टी असून. कुपी वितळवून वीस दिवस झाले होते. पेशी एकीच्या दोन झाल्या नव्हत्या, काही विणलं नव्हतं. दर तीन दिवसांनी मी जुना द्रव काढून नवा घालत होते, अगदी कडेने, थेंब थेंब, आणि बाकी काही नाही. धाकट्याला सूक्ष्मदर्शकात बघायची सवय नाही; तो आधी दोन्ही डोळे मिटायचा, मग दोन्ही उघडायचा. शेवटी त्याला दिसलं. "या रेघा?" "हो." "इतक्या लांब लांब?" "वय झालंय." तो वाकलेलाच राहिला. त्याचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि मी बघितलं, त्याच्या मनगटावरची कातडीही आता सैल व्हायला लागली आहे, आईसारखीच, अंगठ्याच्या बाजूने. मुंगी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, डिश जुनी झाली. बुडाचा चिकटपणा जातोय, कडेच्या सुटायला लागल्यात. औषध घालून सोडवून घ्यायच्या का? नव्या डिशमध्ये ठेवू. धरल्या तर धरल्या." ते बरोबरच होतं, नियम तोच आहे. पाच मिनिटं औषध घालायचं, डिशच्या कडेवर टिचकी मारायची, सगळ्या एकदम बुड सोडतात. तरुण पेशी असतील तर पुन्हा धरतात. धाकट्याने मान वर केली. "काय करायचंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "ओढायचं नाही. भिजू दे तशीच. आपोआप सुटेल."

मुंगींनी मान हलवली आणि औषधाची बाटली परत जागेवर ठेवली. धाकटा पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकला. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. त्या दुपारी मला कुठेही जायचं नव्हतं.